तात्यासाहेब खंबीर आहेत

“तात्यासाहेब, हात वर करा. सदरा घालायचाय,” सरूबाई पुन्हा म्हणाली.

पलंगाच्या कडेला बसलेले तात्यासाहेब तिच्याकडे नुसते बघत राहिले. “आपण कुठं चाललोय, बाई?”

“कन्नडला. फॉर्म भरायला.”

“कुणाचा?”

“तुमचाच की.”

शहाऐंशी वर्षांच्या आमदारांनी लहान पोरासारखा ओठ काढला. “मला नाही जायचं.”

सरूबाईने त्यांचा हात हळूच उचलून बाहीत घातला. नवरा गेल्यावर ती शहरातल्या एका दवाखान्यात आयाचं काम करत होती. तिथूनच तात्यासाहेबांच्या थोरल्या मुलाने, काकासाहेबांनी, तिला ज्योतीनगरच्या या बंगल्यावर आणलं. तात्यांना न्हाऊ घालायचं, भरवायचं आणि आतलं बाहेर बोलायचं नाही. हे शेवटचं तिला जड जाई. तिचं माहेर कन्नडच्या पुढं, घाटाच्या तोंडाशी. तात्यासाहेबांच्याच मतदारसंघात.

काकासाहेब डोकावले. त्यांचेही केस पिकून गेले होते. “आवरलं का?”

“साहेब, लई थकलेत हे. औंदा तुम्हीच उभं राहा ना.”

“मला कोण विचारतं?” काकासाहेब कोरडं हसले. “पक्षाला तात्यांचं नाव पाहिजे. ते नाव निघालं, की तिकीट दुसऱ्याच्या घरात. पेपरवाल्यांचं काय जातंय, पुढाऱ्यांना वयाची अट घाला म्हणायला!” मग आवाज खाली आणून म्हणाले, “तुझ्या गावची मंडळी आलीत बाहेर. मिनिटभर भेटव. फोटो काढून घेऊ.”

ओसरीवर गावातल्या चौघांना घेऊन तिचा थोरला भाऊ सांडू बसला होता. जन्मभर एसटी चालवलेला माणूस, पण दिवाळीपासून पार वाकला होता. त्याची सून बाळंतपणासाठी जीपमधून कन्नडला नेताना वाटेतच गेली. पोटातलं लेकरूही गेलं. गावात सरकारी दवाखाना बांधून तयार होता, पण त्याचं कुलूप निघालं नव्हतं.

तात्यासाहेबांना खुर्चीत बसवताच सांडू त्यांच्या पायाशी बसला. “तात्या, तुम्हीच नारळ फोडला व्हता दवाखान्याचा. डॉक्टर नाय, नर्स नाय. माझी सून गेली, तात्या. दुसऱ्या कुणाची जाऊ नये, येवढंच मागणं हाय.”

तात्यासाहेबांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे डोळे भरून आले. “करतो,” ते म्हणाले. “लगेच करतो.”

कुणीतरी फोटो काढला. एका म्हाताऱ्याने उपरण्याने डोळे पुसले. तात्यासाहेबांना गाडीकडे नेलं, तशी मंडळी उठली.

फाटकापाशी सांडूचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसत होता. “बघितलंस, सरू? माणूस अजून आपला हाय. रडला गं माझ्यासाठी.”

सरूबाईला गप्प बसता आलं असतं. पण ती सून तिच्याही हातची जेवली होती.

“दादा, त्यांना काय बी कळलं नाय.”

“म्हंजी?”

“जेवा म्हणलं तरी करतो म्हणतेत, झोपा म्हणलं तरी करतो म्हणतेत. डोळ्याला तर सारखंच पाणी असतंय. पोटच्या पोराला वळखत नायत ते.”

सांडू फाटकाला टेकला. “एसटीनं मला अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसवलं,” तो म्हणाला. “का, तर म्हाताऱ्याच्या हाती गाडी नको. मला राग आलता तवा. पण बरोबर व्हतं त्यांचं. पाठीमागं माणसं बसलेली असतेत.”

मग त्याने विचारलं, “मग आता सांगू कुणाला?”

सरूबाईने दवाखान्याचं काकासाहेबांना आधीच सांगून पाहिलं होतं. समोरचा उमेदवार तर गावात फिरकलाही नव्हता. तेवढ्यात गाड्यांचे हॉर्न वाजले. कुणीतरी सांडूला दंडाला धरून जीपमध्ये बसवलं, हातात झेंडा दिला.

कन्नडला तहसीलपाशी एका वार्ताहराने सरूबाईलाच गाठलं. “बाई, तात्यासाहेबांची तब्येत कशी आहे?”

शेजारी काकासाहेब होते. भाऊ समोरच्या गर्दीत झेंडा खाली धरून उभा होता आणि तिच्याकडेच बघत होता.

“बरी हाय,” ती म्हणाली. “खंबीर हायेत.”

सांडूने मान फिरवली.

मतदानाच्या दिवशी काकासाहेबांनी तिला गावी धाडलं; तिचं नाव माहेरच्याच मतदारयादीत होतं. शाळेचं छप्पर वाऱ्यात उडालं होतं, म्हणून मतदान दवाखान्याच्या इमारतीत ठेवलं होतं. कुलूप काढून, जाळी-जळमटं झाडून, विजेची तार ओढून आणली होती. एका दिवसात दिवे लागले, पंखा फिरला. बायाबापड्यांची रांग थेट रस्त्यापर्यंत गेली होती.

सांडू रांगेत पुढं होता. तो मत देऊन बाहेर आला. बहिणीजवळून जाताना थांबला नाही. कुणाला दिलं, हे तिने विचारलं नाही.

तिची पाळी आली. आत कोपऱ्यात बाळंतपणाची खाट होती, प्लॅस्टिकचं वेष्टनही न काढलेली. तिच्यावर कर्मचाऱ्यांनी जेवणाचे डबे मांडले होते. टेबलावर शाई घेऊन बसलेल्या मॅडमने बोट पुढं करायला सांगितलं. सरूबाईने बोट पुढं केलं आणि शाई लागेपर्यंत ती त्या खाटेकडेच बघत राहिली.