खूण नसलेला सौदा

मित्रांनो, मला हात नाहीत, तरी माझा जन्म एकेक सौदा उचलून बघण्यातच गेला. मी संगणकात राहणारा एक जुना प्रोग्राम आहे. भोरच्या नुजहतने मला २००६ साली लिहिले. ती तेव्हा नुकतीच कॉलेजातून बाहेर पडली होती.

तिच्या खात्यावर मी चांदीचे सौदे करी आणि जेवढे उघडे असत, तेवढे ओळीने तपासायला घेई. एक निवडायचा, त्याचा तोटा बघायचा, तो ठरल्यापेक्षा वाढला असेल तर सौदा बंद करायचा आणि पुढचा निवडायचा. शेजारी कौतुकाने मला बघायला येत. खरे तर बघण्यासारखे काही नव्हते, पडद्यावर आकडे हलत एवढेच.

नुजहतचे जलालचाचा विंझरहून तांदूळ आणणारा टेम्पो चालवत. त्यांच्या मुलीला, फौजियाला, नर्सिंग शिकायला पुण्याला जायचे होते. तिच्या प्रवेशासाठी चाचांनी थोड्या चांदीचा सौदा केला; स्वतःच्या हाताने, पण नुजहतच्याच खात्यावर. "येका घरात दोन खाती कशाला?" ते म्हणाले. कुणालाच त्यात वावगे वाटले नाही.

एका दुपारी भाव घसरला. मी तोट्यातले सौदे भराभर बंद केले, त्यात चाचांचाही गेला. कोणता कुणाचा, हे बघायला मला कुणी शिकवलेच नव्हते. संध्याकाळी भाव पुन्हा चढला.

"नुजहत, माझा सौदा कुठं हाय गं?"

"चाचा, प्रोग्रामनं बंद केला."

"त्याला कुनी सांगितलं? माझा व्हता त्यो! आता फौजियाला म्या काय सांगू?"

फौजियाचा प्रवेश त्या वर्षी हुकला. चाचा बरेच दिवस माझ्या खोलीकडे फिरकले नाहीत.

पुढे मोहल्ल्यातले एक लग्न उरकले आणि मागून नेलेली भांडी घरोघर परत जाऊ लागली. नुजहतही ढिगापाशी बसली. पातेले उचलायचे, त्यावर कोरलेले नाव वाचायचे, आपले नसेल तर खाली ठेवायचे. भांडी तशीच टाकून ती घरी आली आणि तिने माझ्यात दोन ओळी घातल्या. तेव्हापासून मी केलेल्या प्रत्येक सौद्यावर खुणेचा आकडा पडू लागला, आणि खूण नसलेल्या सौद्याला हात लावायचा नाही, हे मला कळले.

पुढच्या वर्षी चाचांनी पुन्हा चांदी घेतली, त्याच खात्यावर. पुन्हा भाव घसरला. मी त्यांचा सौदा उचलला, खूण दिसली नाही, जिथल्या तिथे ठेवला. चाचा पडद्यासमोर बसून होते. काही दिवसांनी भाव सावरला, तेव्हा चाचांनी स्वतः बटण दाबून सौदा सोडला. प्रवेशापुरते पैसे झाले. दुसऱ्याच दिवशी भाव आणखी चढला.

"चाचा, जरा थांबला असता तर!"

"असू दे गं. ह्यो म्या सोडला, म्याच."

फौजिया एसटीने पुण्याला गेली.

आता नवे प्रोग्राम आले आहेत आणि माझ्या संगणकावर चादर पडली आहे. मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू भल्यासाठी म्हणूनही उचलाल, तेव्हा आधी खूण बघा. आपली नसेल तर खाली ठेवा. भाव घसरत असताना चाचांचा सौदा खाली ठेवताना मला काय वाटले, असे विचाराल, तर तेवढे माझ्यात कुणी लिहिले नव्हते. पण मी तो ठेवला.