तिसऱ्या हाकेची जागा

कामशेत मागे पडलं, गाडी बेडशाच्या रस्त्याला लागली, तरी चिंतामणी आणि मुकुलचं भांडण काही मिटेना. भांडण तरी कशावरून? एका गाण्यातल्या तीन गप्प जागांवरून! माणसं बांधावरून भांडतात, पाण्यावरून भांडतात, ते समजू शकतं. पण जिथे काही वाजतच नाही त्या जागेवरून भांडायचं म्हणजे डोकं रिकामंच हवं.

एके काळी ‘बोगदा’ नावाचा एक मराठी रॉक बँड होता. चार पोरं, दोन गिटारी, एक ड्रमसेट आणि गाणारा शौनक. कॅसेट एकच निघाली, पुढे तिचीच सीडी आली, पण तिचे भक्त असे की विचारू नका. कॅसेटवाले सीडीवाल्यांना हिंग लावून विचारत नाहीत, सीडीवाले कॅसेटवाल्यांना बहिरे म्हणतात. आता लोणावळ्याच्या मुकुलने मूळ टेपा मिळवून नवं मिक्स केलं, तर हे दोन्ही गट एक होऊन त्याच्यावर तुटून पडले.

“खरखर काढलीस रे, पण जीवही काढलास,” तळेगावचे निवृत्त मास्तर चिंतामणी पुन्हा म्हणाले.

“काका, तुमची कॅसेट इतकी झिजलीय की तुम्हाला खरखर हीच चाल वाटते.”

“वाटू दे. पण शौनक थांबतो त्या तीन जागा भरायचा अधिकार तुला कुणी दिला? सीडीवाल्यांनी दोन कापल्या, तू तिन्हींत गिटार ओतलीस!”

मागच्या सीटवर इंदिराबाई हातातली पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या. शौनकची थोरली बहीण. शेवटचं गाणं गाताना शौनक तीनदा मधेच गप्प होतो, आणि तिसऱ्या गप्प जागेनंतर स्पष्ट म्हणतो, “ओ, आलो!” तिथे गाणं संपतं. चाहत्यांना वाटतं, काय कलाकारी! मेळाव्यात सगळे एका सुरात ओरडतात, “ओ, आलो!” तळेगाव स्टेशनवर इंदिराबाईंनी एका पोराच्या टी-शर्टवर ते शब्द छापलेले पाहिले होते. त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली होती त्यांना.

कारण ती कलाकारी नव्हती. बेडशातल्या महिपतीच्या भाताच्या खोलीत पोरं रेकॉर्डिंग करत होती. तिन्हीसांजेची वेळ. शौनक “ओ, आलो” म्हणाला, माईक ठेवला, दार उघडून बाहेर गेला, आणि परत आलाच नाही. शेतं पाहिली, लेण्यांचा डोंगर पाहिला, पवनेच्या पाण्यात गळ टाकले. काही म्हणजे काही नाही. आणि हाक कुणी मारली? खोलीतल्या एकालाही हाक ऐकू आली नव्हती. इंदिराबाई तर त्या दिवशी तळेगावात तापाने फणफणून पडल्या होत्या. आई जाईपर्यंत एकच विचारत राहिली, “इंदे, कुणी गं बोलावलं त्याला?” तिने कॅसेट घरात येऊ दिली नाही, आणि आई गेल्यावरही इंदिराबाईंना ती लावायचा धीर झाला नाही.

त्या तीन जागांबद्दल चिंतामणींकडून कळलं त्या दिवशी मात्र त्यांच्या हातातला चहा सांडला होता. लहानपणी आईने दोघांना बजावलेलं होतं, ‘तिन्हीसांजेला हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही. बाहेरचं असलं तर दोनदाच हाक मारतं. तिसऱ्यांदा मारतं ते आपलं माणूस.’ म्हणजे शौन्याने दोन हाका सोडल्या होत्या आणि तिसरीला ओ दिली होती. म्हणजे बोलावणारं घरचंच होतं. कोण? तेवढं कळलं की डोळे मिटायला मोकळ्या, असं त्यांनी चिंतामणींना रडत सांगितलं होतं.

“मावशी, मी आधीच सांगतो,” मुकुल आरशातून बघत म्हणाला, “नुसत्या आवाजाचा ट्रॅक मी शंभरदा ऐकलाय. त्या जागांत काही नाही. कोरी टेप.”

“तुझ्या लोणावळ्याच्या बंगल्यात ऐकलास,” चिंतामणी फुरफुरले. “तो गायला त्याच खोलीत, त्याच वेळेला वाजव. मग बघू कुणाचं खरं ते.”

हा पैजेचा विडा दोघांनी आठ दिवसांपूर्वी उचलला होता. चाहत्यांशिवाय असलं खूळ दुसऱ्या कुणाच्या डोक्यात येणार?

महिपतीने अंगणातच हात जोडले. तेव्हाचा पोरगेला महिपती आता पिकला होता, कंबरेत वाकला होता. नवं इंद्रायणी भात नुकतंच घरात आलेलं, खोलीभर त्याचा वास. त्याच्या बायकोने, झुंबरबाईंनी, चहा दिला, पण उंबऱ्याच्या आत काही त्या आल्या नाहीत.

“दिवा लावायच्या वक्ताला कशापायी वाजवता?” त्या बाहेरूनच म्हणाल्या. “सकाळच्याला वाजवा की.”

“गप गं,” महिपती म्हणाला. पण त्यानेही जाऊन दाराला आतून कडी घातली.

मुकुलने टेपेवरून उतरवलेला ट्रॅक लॅपटॉपवर उघडला आणि पोत्यांच्या थप्पीवर स्पीकर ठेवला. बाहेर ऊन उतरलं, भिंती काळवंडल्या. मुकुलने बटण दाबलं.

आणि शौनक गाऊ लागला. नुसता आवाज. गिटार नाही, ड्रम नाही. पंचवीस वर्षांचा, किंचित घोगरा, ‘र’वर अडखळणारा. इंदिराबाईंना वाटलं, आपलं काळीज आता फुटणार. इतकी वर्षं पोराचा फोटो पाहिला होता. आवाज तर आठवेनासा झाला होता, आणि आता तो असा हाताच्या अंतरावर! गाता गाता आवाज थांबला. पहिली जागा. तो थांबला ते त्यांना सहनच झालं नाही.

“शौन्या!” त्या एकदम बोलून गेल्या.

चिंतामणींनी दटावल्यासारखं पाहिलं. गाणं पुढे सुरू झालं, पण मुकुल लॅपटॉपकडे वाकला. आवाज किंचित हलला होता. गाणारा एक कान दुसरीकडे ठेवून गातो तसा.

“असं नव्हतं हे,” मुकुल पुटपुटला.

दुसरी जागा आली. “शौन्या, अरे!” इंदिराबाईंच्या तोंडून पुन्हा निसटलं. या वेळी त्या कोऱ्या जागेत श्वास ऐकू आला. आत घेतलेला, रोखून धरलेला.

मुकुलने लॅपटॉपवरून मान वर केली. “मावशी, इथे श्वास नव्हता. आईशप्पथ नव्हता!”

तेव्हा इंदिराबाईंना कळलं. सगळं एकदम कळलं. त्याला तेव्हा ऐकू आलेल्या दोन हाका आत्ता झाल्या होत्या, आपल्याच तोंडून. तिसरी राहिली होती. आई जन्मभर विचारत होती, कुणी बोलावलं, कुणी बोलावलं... देवा रे! त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. नाही बोलावणार. मेले तरी नाही बोलावणार. गाऊ दे त्याला. पूर्ण गाऊ दे, कॅसेट संपू दे, शेवटच्या एसटीने घरी येऊ दे.

तिसरी जागा आली. चिंतामणी ओठ हलवत मोजत होते. ती जागा त्यांना झोपेतही पाठ होती. मोजणं संपलं, तरी “ओ, आलो” आलं नाही. ट्रॅक चालूच होता. मग अगदी हळू, अंधारात चाचपडणाऱ्या पोराच्या आवाजात, स्पीकरमधून आलं,

“ताई?”

चिंतामणी भिंतीला टेकले. मुकुलचा हात बटणाकडे गेला आणि तिथेच राहिला.

“ताई, तू आहेस का गं?”

हे ऐकून गप्प बसायला काळीज दगडाचं लागतं. इंदिराबाईंचं तसं नव्हतं. पदर तोंडातून कधी निघाला, त्यांचं त्यांना कळलं नाही.

“शौन्या, मी आहे रे. ये.”

“ओ, आलो!”

स्पीकरमधून माईक ठेवल्याचा आवाज आला. पावलं वाजली. कडी निघाली, दार करकरलं. मग ट्रॅक कोराच चालू राहिला, आणि या वेळी कुणीही त्याच्या सुरात सूर मिसळून ओरडलं नाही.

“मीच बोलावलं,” इंदिराबाई म्हणाल्या. “आई, मीच गं बोलावलं त्याला.” त्या रडू लागल्या, लहान मुलीसारख्या हुंदके देऊन.

महिपती त्यांच्यासमोर उकिडवा बसला. “बाई, येक गोष्ट मी कुनालाच सांगितली न्हाई. पोलिसांनाबी न्हाई. त्यो भायेर निघाला तवा मी अंगनात हुतो. लय खुशीत हुता. मला म्हनला, ‘माझी ताई आलीया.’ तुमी तर तितं तापानं पडलेल्या. तुमच्यावर बालंट नगो म्हून मी त्वांड शिवलं.”

“कुठल्या बाजूला गेला?”

महिपतीची नजर दाराकडे गेली होती. आपणच लावलेल्या कडीकडे.

बाहेर झुंबरबाईंच्या हातातलं भांडं पडलं. मग अंगणात पावलं वाजली, लांबून चालत आलेल्या माणसाची, दमलेली. दाराशी येऊन थांबली.

“ताई.”

मुकुलने घाईघाईने लॅपटॉप मिटला. स्पीकरचा दिवा विझला होता.

“ताई.”

“ओ देऊ नगा, बाई,” महिपती कुजबुजला. “दोन झाल्या. दोनच हुत्यात. ते भायेरचं हाय.”

इंदिराबाईंनी मान डोलावली. आईने शिकवलेलं त्यांनाही पाठ होतं. डोळे पुसले, केस नीट केले, पदर सारखा केला, आणि हात मांडीवर ठेवून त्या वाट बघत राहिल्या. बाहेरही कुणीतरी तशीच वाट बघत होतं. मुकुलने रडवेल्या आवाजात “मावशी, नको” म्हटलं.

“ताई गं, किती वेळ. दार उघड ना.”

“ओ,” इंदिराबाई म्हणाल्या, आणि कडी काढायला उठल्या.