मनकर्णाबाईचं बोट

सभागृह वरच्या मजल्यावर होतं, पायऱ्या बावीस होत्या आणि कार्यक्रम फुफ्फुसाच्या रुग्णांच्या सत्काराचा होता. लिफ्ट होती, पण ती प्रमुख पाहुण्यांसाठी राखून ठेवली होती आणि पाहुणे अजून यायचे होते.

मनकर्णाबाई सातव्या पायरीवर बसली.

"ऊठ की," तिचा नवरा रामकिशन वरून म्हणाला. तो पंधराव्या पायरीवर पोचला होता. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, डोक्यावर नवी टोपी. "लोक बगायलेत."

"दम... लागलाय वो."

"कशाचा दम? सकाळीच सत्त्याण्णव आलंय तुझं. आन् नांदेडपर्यंत बसूनच तर आलीस."

सत्त्याण्णव म्हटल्यावर मनकर्णाबाई उठली. गेले आठ महिने ती अशीच उठत होती.

त्यांचं गाव बिलोली तालुक्यात. तिथल्या शाळेची घंटा रामकिशननं तीस वर्षं वाजवली आणि त्याच शाळेची खिचडी मनकर्णाबाईनं एकोणीस वर्षं शिजवली, पत्र्याच्या खोलीत, ओल्या लाकडांवर. शाळेला गॅस मिळाला होता. चोरीला जाऊ नये म्हणून हेडमास्तरांनी तो कुलपात ठेवला आणि तो शेवटपर्यंत चोरीला गेला नाही. धुराला कुलूप नव्हतं. तो मनकर्णाबाईच्या छातीत गेला आणि तिथंच राहिला.

मग नांदेडच्या एका संस्थेची योजना आली. रुग्ण घरी, डॉक्टर नांदेडला आणि मधे एक डबी. संस्थेचा संगमेश्वर मोटारसायकलवर डबी घेऊन आला. रोज सकाळी सातला बोटाला चिमटा लावायचा, डबीवर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा उमटतो, तो आपोआप नांदेडला जातो. नव्वदच्या वर हिरवा दिवा, खाली आलं की पिवळा, फारच खाली आलं की लाल.

"हिरवा नसला की रेणुका सिस्टरचा फोन येतोय," संगमेश्वर म्हणाला. "मावशी, आता तुमी घरात शिंकलात तरी नांदेडला कळतंय बगा."

दुसऱ्या दिवशी चिमटा लावला तर डबीवर नुसत्या रेघा. मनकर्णाबाईचे हात कायम गार आणि बोटांची कातडी निखाऱ्यांनी चिवट झालेली.

"तुझं बोट कुठंच उठत न्हाई," रामकिशन म्हणाला.

ते खरं होतं. रेशन दुकानातल्या मशीनवरही तिचा अंगठा उठत नसे. घरातल्या कुणाचाबी चालतोय, असं दुकानदारानंच सांगितलं होतं आणि तेव्हापासून दोघांचं धान्य रामकिशनच्या अंगठ्यावर येत होतं. तेव्हा त्यानं तिच्या बोटावरचा चिमटा काढला आणि आपल्या बोटाला लावला. सत्त्याण्णव. हिरवा दिवा. मनकर्णाबाईलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. डबीत नाव तिचं घातलेलं होतं. रेशनला अंगठा त्याचा, पण तिच्या वाटणीचे पाच किलो तिचेच; तसंच हे.

इथवर कुणाची चूक नव्हती. म्हणजे होती, पण ती मशीनला मान देणाऱ्या सगळ्याच माणसांची होती.

पुढं तो हिरवा दिवा घरात सासूसारखा राहू लागला. मनकर्णाबाई झाडता झाडता टेकली की रामकिशन म्हणे, "सत्त्याण्णव हाय, ऊठ." बोअरवरून घागर आणताना तिनं दोनदा वाटेत बसकण मारली, तर म्हणे, "माझ्यापेक्षा तुझी तबियत बरी हाय." संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिचे ओठ निळसर पडले. ती म्हणाली, "मला दवाखान्यात दाखवा वो."

"नांदेडचं मशीन खोटं बोलायलंय का? शिकलेल्या लोकांनी बनवलंय ते."

मनकर्णाबाईनं विचार केला. मशीन शिकलेलं, आपण चौथी नापास. दोघांत कोण खोटं बोलत असेल, हे उघड होतं. मग तिनं पोळ्या लाटल्या. तेव्हापासून दम लागला की ती स्वतःलाच दरडावू लागली, "गप. नाटकं करू नगस."

आठवड्याला रेणुका सिस्टरचा चौकशीचा फोन येई. तो रामकिशन घेई. "एकदम फस्कलास हाय सिस्टर. मी जातीनं लक्ष देतो." "शाब्बास मामा, तुमच्यासारखी माणसं घरोघरी पाहिजेत," असं सिस्टर म्हणे आणि त्या दिवशी रामकिशन पारावर जरा जास्त वेळ बसे. आठ महिन्यांत एकदाही दिवा पिवळा झाला नाही. असा रुग्ण संस्थेकडं दुसरा नव्हता. म्हणून मनकर्णाबाईची निवड आदर्श रुग्ण म्हणून झाली.

सभागृहात शाल आली, नारळ आला, पुष्पगुच्छ आला. मनकर्णाबाई खुर्चीत बसल्या बसल्या खांदे वर उचलून श्वास ओढत होती आणि ते विनयाचं लक्षण समजलं जात होतं. प्रमुख पाहुण्यांना भाषणात यंत्राचं कौतुक करायचं होतं. ते म्हणाले, "प्रात्यक्षिकच होऊ द्या."

सूत्रसंचालन करणारी रेणुका सिस्टर चिमटा घेऊन पुढं आली. रेघा दिसल्यावर तिनं मनकर्णाबाईचं बोट दोन्ही तळव्यांत धरून चोळलं. "गार बोट असलं की असंच होतं, मावशी. जरा ऊब दिली की येतं."

आलं. मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर ब्याऐंशी आलं आणि पडदा लालभडक झाला.

"यंत्र बिघडलं असेल," संस्थेचे अध्यक्ष म्हणाले. दुसरं आणलं. एक्क्याऐंशी. मग खात्रीसाठी प्रमुख पाहुण्यांनी स्वतःचं बोट पुढं केलं. अठ्ठ्याण्णव! यंत्र चांगलं आहे हे सिद्ध झालं आणि टाळ्या पडल्या.

टाळ्या न वाजवणारी एकटी रेणुका. "मावशी, तुम्हाला कधीपासून असं होतंय? बोला ना, तुमचा आवाज आज पहिल्यांदा ऐकणार आहे मी." आणि उत्तराची वाट न बघता ती ऑक्सिजनचा सिलिंडर आणायला पळाली.

खुर्चीच्या मागं पडद्याआड संगमेश्वर रामकिशनला धरून कुजबुजत होता. घाबरलेल्या माणसाची कुजबुज पहिल्या रांगेपर्यंत जाते. खुर्ची तर हातभर अंतरावर होती.

"मामा, दिवाळीला चिमटा तुमच्या बोटाला बगून सांगितलो होतो की न्हाई तुमाला? हे रेशन न्हाई म्हणून? बोट मावशीचंच पायजे, तुमचं लावलं तर तुमचंच येतंय, एवढं फोडून सांगितलो."

"सांगितलास की."

"मग?"

"मग तूबी नंतर कुटं बगायला आलास? आदर्शाचा कागद तूच भरलास न्हवं?"

संगमेश्वरला एकदम दुसऱ्या बाजूचं काम आठवलं.

मनकर्णाबाईनं मान वळवली. तिला पुरं वाक्य बोलायला दोन श्वास लागले.

"दिवाळी... पासून?"

रामकिशननं टोपी काढली, आतून बघितली, परत घातली. "लाल लागला असता तर भरती केले असते तुला. पंधरा पंधरा दिवस. घरचं कुणी बगायचं? मला भाकर कुणी द्यायची?"

म्हणजे सत्त्याण्णव त्याचं होतं. संक्रांतीच्या पोळ्या लाटतानाचं सत्त्याण्णव त्याचं होतं, घागरीचं त्याचं होतं, आजच्या सातव्या पायरीवरचंसुद्धा. तिचा जीव नाटक करत नव्हता. तो बिचारा खरं सांगत होता आणि ती त्याला गप बसवत होती.

बोलायला श्वास लागतो आणि तिच्याजवळ होता तो आता तिला असा उधळायचा नव्हता.

आठ दिवस दवाखान्यात राहून मनकर्णाबाई गावी आली. सोबत घरी लावायचं ऑक्सिजनचं यंत्र होतं. दवाखान्याच्या लिफ्टमधून खाली सोडताना रेणुकानं बजावून सांगितलं होतं, "मावशी, आकडा कमी आला तरी चालेल. पण तुमचा पाहिजे."

पहिल्या सकाळी रामकिशननं चहा केला. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती आणि हा पहिलाच. साखर दोनदा पडलेली, दूध उतू गेलेलं. कप तिच्यापुढं ठेवून तो दाराजवळ उभा राहिला, घंटेची वेळ व्हायची वाट बघत उभा राहायचा तसा.

"घे. निवतंय."

मनकर्णाबाईनं कप जवळ ओढला. उजव्या हाताचं बोट कपाला टेकवलं आणि ऊब बोटात उतरेपर्यंत तशीच बसली. मग तिनं स्वतःच्या हातानं चिमटा लावला. रेघा आल्या, गेल्या, पुन्हा आल्या. तिनं घाई केली नाही.

सत्त्याऐंशी. पिवळा दिवा.



थोड्या वेळानं फोन वाजला. सवयीनं रामकिशनचा हात पुढं आला. मनकर्णाबाईनं त्याच्याकडं बघितलंही नाही. नुसता आपला तळहात पसरला. त्याचा हात मधेच थांबला. फोन आणखी दोनदा वाजला, तेव्हा त्यानं तो तिच्या तळहातावर ठेवला.

"हॅलो, मामा? आज मावशींचं..."

"मीच बोलायले," मनकर्णाबाई म्हणाली. आणि मधे श्वास घेऊन, "बोटबी माजंच हाय."

कपातला चहा तसाच होता. त्याच्यावर साय धरली होती.