सारवलेल्या खळ्यावरचं उड्डाण

मुलांनो, समजा तुम्ही शनीच्या टायटन नावाच्या चंद्रावर उभे आहात. डोळे मिटा म्हणणार होतो, पण मग वाचाल कसे? उघडेच ठेवा. आभाळ नारिंगी आहे. थंडी एवढी की पाण्याचा दगड झालाय. हवा मात्र दाट, उडायला एकदम सोपी. म्हणूनच तिथे पाठवायला एक मोठं ड्रोन तयार होतंय. पण पृथ्वीवरून त्याला ‘डावीकडे वळ’ सांगितलं, तर निरोप पोचायला तास-दीड तास लागणार. तोवर ते कड्यावर आपटलेलं असेल! म्हणून त्याने स्वतःच खाली बघत, स्वतःच वाट ओळखत उडायचं.

आता सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका शाळेत चला. तिथल्या आठवीतल्या संजीवनीकडे असंच एक ड्रोन होतं, तळहाताएवढं, पोटाखाली कॅमेरा असलेलं. शहापूरच्या एका विज्ञान मंडळाने ते शाळेला महिनाभर दिलं होतं. अट एकच, शेवटच्या दिवशीची. रिमोटला हात न लावता ते शाळेजवळच्या खळ्यावरून उडालं आणि तीन भातखाचरांवरून फिरून परत खळ्यावर उतरलं, तर शाळेचं. नाहीतर त्याच संध्याकाळी शहापूरला परत.

संजीवनीने महिनाभर ड्रोनसाठी आज्ञा लिहिल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या. कापणी झालेल्या खाचरांवर ड्रोन बिनचूक उडायचं.

परीक्षेला मंडळाच्या मनालीताई आल्या. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या धोंडीबाईंनी पहाटेच खळं शेणाने सारवून ठेवलं होतं. पाहुणे येणार म्हटल्यावर जागा साफ नको? खळ्यावर एक काडी दिसत नव्हती.

संजीवनीने बटण दाबलं. ड्रोन डोक्याएवढं वर गेलं, थबकलं, आणि वाऱ्याबरोबर सरकत सरकत पेंढ्याच्या उडवीत घुसलं.

“गेला तुजा ड्रोन चंद्राऐवजी पेंढ्यात!” तिची मैत्रीण कुणाली ओरडली. पोरं हसली.

“बॅटरी अजून एका उड्डाणापुरती आहे. आणखी एकदा उडवून बघ,” पेंढ्यातून ड्रोन काढून देत मनालीताई म्हणाल्या.

“आज्ञा बदलतेस का?” सुनिल सरांनी विचारलं.

“नाय सर. आज्ञा बरोबर हायत.”

ती खळ्यावर पालथी पडली आणि जमिनीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “कुणाली, माजे पाय धरून वढ गो. हलूहलू.”

“येडी झाली का? ड्रेस बघ तुजा!”

“वढ तू!”

कुणालीने ओढलं. संजीवनी हातभर सरकली आणि एकदम उठून बसली. गणवेशावर पुढून शेणाचा हिरवा पट्टा.

“समजलं सर! खाली सगला एकसारखाच दिसतोय. मी सरकली, पन डोल्यांना काय कललं नाय. ड्रोनला पन वाटतंय, आपुन जागेवरच हाव.”

मनालीताई पुढे वाकल्या. “मंगळावरचं छोटं हेलिकॉप्टर सपाट वाळूवर असंच चुकलं होतं. त्याचं ते शेवटचं उड्डाण ठरलं.”

म्हणजे खळ्यावर खुणा हव्या होत्या. संजीवनी धोंडीबाईंसमोर उभी राहिली.

“धोंडीमावशी, खल्यावर कचरा टाकू?”

“काय? पाठ मोडली माजी सकालपासून!” धोंडीबाईंनी कमरेवर हात ठेवले. “कशापाय?”

“मावशी, लय सुंदर सारवलंय तुमी. म्हनून तर ड्रोनला काय दिसत नाय.”

धोंडीबाई हसत सुटल्या. “माज्या हाताला एवडी सफाई हाय, ते मालाच म्हाईत नव्हतं!” त्यांनी उडवीतून कवळाभर पेंढा उपसला आणि खळ्यावर उधळला. “बघता काय रे? टाका!”

पोरांनी सागाची पानं टाकली, दगड टाकले, चपला टाकल्या. सुनिल सरांनी छत्री उघडून ठेवली. ड्रोनच्या वाऱ्याने पानं विस्कटू नयेत म्हणून कुणालीने त्यांवर खडे ठेवले.

संजीवनीने बटण दाबून हात मागे बांधले.

ड्रोन उठलं. थबकलं. वारा आला, ते किंचित कललं आणि जागेवर टिकलं! मग वळलं, पहिलं खाचर, दुसरं, तिसरं. बांधावरचे बगळे उडाले. माघारी येताना ते ठिपक्याएवढं होतं, मग पाखराएवढं, आणि खळ्याच्या मधोमध, चपलांच्या गर्दीत, अलगद टेकलं.

जो गलका झाला तो पार खालच्या पाड्यापर्यंत गेला. धोंडीबाईंनी संजीवनीला, शेणाच्या पट्ट्यासकट, उचलूनच घेतलं.

“ड्रोन तुमचं,” मनालीताईंनी कागदावर सही केली. “आता काय करणार याचं?”

संजीवनी तोवर जमिनीवर बसली होती. बॅटरी चार्जिंगला लावून तिने वही उघडली, गडाच्या ज्या कड्यावर आजवर कुणालाच चढता आलं नव्हतं त्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि पहिली आज्ञा लिहिली: वर जा.