हात केला की गाडी थांबते

नागसेन खोब्रागडे यांनी तीस वर्षं चंद्रपूर–सिरोंचा एसटी चालवली आणि त्या रस्त्यावरचं एकही प्रेक्षणीय स्थळ पाहिलं नाही. कुणाला हे खोटं वाटेल, पण एखाद्या ड्रायव्हरला विचारून बघा. ज्या माणसाने हजारो लोकांना मार्कंड्याच्या फाट्यावर उतरवलं, त्याला मार्कंडा म्हणजे फक्त एक पाटी. गाडी पाच मिनिटं थांबायची. तेवढ्यात एक तर देऊळ होईल, नाही तर चहा. नागसेनभाऊंनी तीस वर्षं चहा घेतला.

तर अशा माणसावर निवृत्तीनंतर पर्यटन घडवायची पाळी आली, आणि तीही पोरीच्या लग्नासाठी.

त्यांची दिव्यानी सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात कामाला होती. तिथे कोकणातल्या हर्णैचा सुमेध आला, आणि धानाच्या लोंब्या मोजता मोजता दोघांचं जुळलं. पोरगा सरळ होता, समाजातलाच होता. अडलं होतं ते त्याच्या आत्याशी. आई लहानपणी गेलेली, सुलोचना आत्यांनीच त्याला वाढवलेलं. "आत्या हो म्हणाली तरच," असं सुमेधने आधीच सांगून टाकलं होतं. आता आत्या स्वतः दोन गाड्या बदलून, पिशवीत सोड्यांचा डबा घेऊन चंद्रपुरात येऊन बसल्या होत्या. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. त्या डब्याच्या वासाने शेजारची मांजर सकाळपासून दारातून हलत नव्हती.

"खोब्रागडे, मुलगी मला पसंत आहे," आत्यांनी चहाचा कप ठेवत सांगितलं. त्या निवृत्त नर्स होत्या, आणि इंजेक्शन द्यावं तसं बोलायच्या. "पण हा म्हणतो, लग्न करून इथेच राहीन. समुद्राच्या आवाजात झोपलेलं पोर हे. त्याने समुद्र विसरावा असं तुमच्याकडे काय आहे, ते मला दाखवा. दिसलं तर लग्न. नाही दिसलं तर मी त्याला घेऊन चालले."

"दाखवतो नं!" नागसेनभाऊ छाती काढून म्हणाले.

आत स्वयंपाकघरात अंजनाबाईंनी नवऱ्याला कोपऱ्यात घेतलं. "काय दाखवता? तुमाले त घरामागचा किल्ला मालूम नाई."

"अवं, मले सारे स्टॉप मालूम हायेत."

"स्टॉप पाह्यले येऊन राह्यली का ते?"

पहिला दिवस चंद्रपूरचा. जटपुरा गेटची भलीमोठी वेस दाखवून नागसेनभाऊ म्हणाले, गोंड राजाचा परकोट हाय, साऱ्या गावाभोवती. आत्यांनी मान वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "आमचा सुवर्णदुर्ग भर समुद्रात उभा आहे. होडीने जावं लागतं." तलाव दाखवला तर म्हणाल्या, "आमच्या खाडीत असे चार मावतील." ताडोबाचं बुकिंग मिळालं नाही, तेव्हा वाघाची बाजू नुसत्या वर्णनावर लढवावी लागली. चंद्रपूरच्याच दीक्षाभूमीवर मात्र ही तुलना थांबली. आत्यांनी चप्पल काढली, हात जोडले, आणि त्यांचे डोळे भरून आले. तिथे कोकण आणि झाडीपट्टी असा प्रश्नच नव्हता. बाहेर आल्यावर त्यांनी चप्पल घातली आणि पुन्हा समुद्रावर आल्या.

दुसऱ्या दिवशी सिरोंच्याचा बेत. नागसेनभाऊंनी मित्राची सुमो मागून आणली. पुढे आत्या, मधे अंजनाबाई, दिव्यानी आणि सुमेध, मागच्या बाकांवर पिशव्या आणि सोड्यांचा डबा. डबा सोबत घ्यायचं कारण मांजर.

आता खरी गोष्ट सुरू होते. गडचिरोली सोडलं आणि रस्त्याकडेला एका म्हातारीने हात केला. नागसेनभाऊंच्या पायाने ब्रेक दाबला. डोक्याला कुणी विचारलंच नाही, पाय आपला आपणच खाली गेला. म्हातारी टोपलीसकट मागे चढून बसलीसुद्धा.

"ही कोण?" आत्यांनी विचारलं.

"सवारी," नागसेनभाऊ म्हणाले, आणि मग त्यांची त्यांनाच शरम वाटली. "म्हणजे... समोरच उतरते ते."

ती उतरली आणि दोघं चढले. हात केला की गाडी थांबते, हा या रस्त्याचा कायदा होता, आणि तो नागसेनभाऊंनीच लोकांना लावलेला. अंजनाबाई मागून चिमटे काढत होत्या. चिमटा डाव्या दंडाला बसत होता आणि ब्रेक उजव्या पायात होता, त्यामुळे उपयोग झाला नाही.

मार्कंड्याला पोचायला त्यामुळे उशीरच झाला. पण तिथे वेगळंच घडलं. वैनगंगेच्या काठावरचा तो देवळांचा समूह, तो तांबूस दगड, भिंतीवर खालपासून वरपर्यंत कोरलेली माणसं, हत्ती, बायका, वादक... नागसेनभाऊ आत गेले आणि खांबासारखे उभे राहिले. देवाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं, पण हात तर माणसांचेच होते. एका मूर्तीच्या पायातले तोडे त्यांनी बोटाने चाचपून पाहिले.

"तीस वर्षं मी लोकांवर खेकसून राह्यलो," ते हळूच म्हणाले, "उतरा लवकर, मार्कंडा आला, उतरा लवकर. आन हे इथी होतं! मले कोणी सांगतलं काऊन नाई?"

"तुम्हीच तर सगळ्यांना सांगत होतात," आत्या म्हणाल्या. समुद्राचं नाव त्यांनी तिथे काढलं नाही. दिव्यानीने सुमेधला कोपराने ढोसलं.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण आलापल्लीच्या पुढे बायनाबाई नावाची एक बाई मोहफुलांचं गाठोडं घेऊन चढली. आत्यांनी जरा उत्साहाने तिला विचारलं, "इथे वाघ दिसतो का हो?"

"कालच होता नं बाई, याच मोडीवर बसून होता," बायनाबाई वळणाकडे बोट दाखवत हळहळली. "तुमी एक दिवस उशीर केला."

आणि तिच्यामागून इतवारी चढला. काठीसारखा म्हातारा, काखेत कोंबडा. कोंबडा त्याने मागच्या बाकाखाली सोडला, नागसेनभाऊंशी जुन्या ओळखीच्या गप्पा सुरू केल्या, आणि वडधमला पोचेपर्यंत कुणी मागे वळून पाहिलं नाही.

वडधमला जीवाश्म पार्क आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडं तिथे दगड होऊन पडली आहेत. ते बघून आत्या खरोखर हरखल्या. दगडाच्या खोडावर हात ठेवून त्या सुमेधला म्हणाल्या, "अरे, सालसुद्धा दिसतेय रे!" नागसेनभाऊंना वाटलं, जिंकलो. त्यांनी मनात मांडव घातला, जेवणाच्या पंगतीही बसवल्या.

परत गाडीशी आले तर मागचं दार उघडलेलं होतं. इतवारी बाहेर बिडी ओढत होता. डब्याचं झाकण खाली पडलेलं होतं, आणि कोंबडा हर्णैच्या सोड्यांमध्ये दोन्ही पाय रोवून उभा होता. डबा जवळजवळ रिकामा होता. कोंबड्याने आत्यांकडे बघून बांग दिली.

आत्यांनी झाकण उचलून डब्याला लावलं आणि त्या पुढे जाऊन बसल्या; इतवारी कोंबड्यासह वडधमलाच राहिला. सिरोंच्याला नागसेनभाऊंचा जुना कंडक्टर श्रीहरी याच्या घरी मुक्काम होता. तिथे पोचल्यावर त्या म्हणाल्या, "एकेक सोडा मी माझ्या हाताने सोलला होता. सूनबाईच्या घरी द्यायचा म्हणून. घरचा माणूस आणि रस्त्यावरचा माणूस यातला फरक तुम्हाला कळत नाही, खोब्रागडे. उद्या मी माझी मी जाईन." प्राणहिता आणि गोदावरीचा संगम बघायला बाकी सगळे गेले, त्या गेल्याच नाहीत. एवढं थोरलं पाणी बघून नागसेनभाऊंना नुसतं रडू येत होतं.

सकाळी आत्यांची खाट रिकामी होती. पहाटे निघालेल्या काळीपिवळी जीपमध्ये त्या बसून गेल्याचं श्रीहरीच्या बायकोने सांगितलं. दिव्यानीने वेणी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली. बापाला ते बघवेना.

"चाला," अंजनाबाई म्हणाल्या. "आलापल्लीच्या आधी गाठा तिले. आन आता माह्या गळ्याची शपथ हाय तुमाले. रस्त्यात कोणीबी हात करो, गाडी थांबवाची नाई."

"नाई थांबवत."

सुमो निघाली. नागसेनभाऊ समोर नजर लावून चालवत होते. कडेला कुणी दिसलं की ते नजर दुसरीकडे वळवायचे. वडधम गेलं, साग सुरू झाला. एका फाट्यावर एक हात वर झाला. चेहरा त्यांनी पाहिलाच नाही, मुद्दामच पाहिला नाही. फक्त हात दिसला, आणि गाडी पुढे निघून गेली.

तीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं. त्या हाताला आता उन्हात किती वेळ उभं राहावं लागेल, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. शपथ बायकोची होती, लग्न पोरीचं होतं, आणि पाय त्यांचा होता. पायाने ब्रेक दाबला.

"अवो!" अंजनाबाई ओरडल्या.

"तुह्या गळ्याचं काय होईल ते होवो," नागसेनभाऊ म्हणाले, "पण मले नाई जमत." आणि त्यांनी गाडी मागे घ्यायला सुरुवात केली.

फाट्यावर सुलोचना आत्या उभ्या होत्या. एका हातात पिशवी, आणि दुसऱ्या काखेत तो कोंबडा. बाजूला इतवारी.

"काळीपिवळी इथपर्यंतच होती," आत्या म्हणाल्या. "पुढची गाडी कधी ते देव जाणे. हे इतवारीभाऊ वडधमला त्याच गाडीत चढले, गाव इथेच असूनही तेव्हापासून माझ्यासोबत उभे आहेत. सोडे खाल्ले म्हणून कोंबडाच घ्या म्हणतात, नाही म्हटलं तर ऐकत नाहीत." मग त्यांनी डोळे बारीक केले. "पुढे का निघून गेलात?"

नागसेनभाऊंनी मान खाली घातली. "शपथ होती."

"मग परत का आलात? मला ओळखलं म्हणून?"

"नाई," ते म्हणाले. खोटं बोलायला ती चांगली वेळ होती, पण सुचलं नाही. "तोंड नाई दिसलं. हात दिसला."

आत्यांनी पिशवी खाली ठेवली. "मी यांना विचारलं," त्यांनी इतवारीकडे बोट केलं, "की हा माणूस सगळ्यांसाठी थांबतो कशाला? तर म्हणाले..."

"म्या म्हनलं, थो नाई थांबला त मंग कोन थांबन?" इतवारीने आपलं वाक्य आपणच पूर्ण केलं.

"समुद्र विसरावा असं तुमच्याकडे काही नाही, खोब्रागडे," आत्या म्हणाल्या. दिव्यानीने सुमेधचा हात घट्ट धरला. "नाहीच आहे. पण मला धास्ती समुद्राची नव्हतीच. एवढ्या जंगलात माझ्या पोराने कधी अडीअडचणीला हात केला, तर थांबेल कोण, याची होती." त्यांनी कोंबडा काखेत नीट धरला. "ती आता नाही. सरका, आत जागा द्या."

पुढे बसलेल्या अंजनाबाई सरकल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. सुमेधने पिशवी घेतली. इतवारी कुठेही जायचं नसताना मागे चढून बसला.

"लग्न हर्णैला," आत्यांनी पुढच्या सीटवर बसत जाहीर केलं. "आणि खोब्रागडे, समुद्रावर चहा मिळतो. पण तुम्ही पाच मिनिटांत उठायचं नाही."

"नाई उठत," नागसेनभाऊ म्हणाले, आणि गिअर टाकला. पुढच्याच मोडीवर कुणीतरी हात वर केला होता.

"अहो, बघताय काय?" आत्या म्हणाल्या. "थांबवा की गाडी!"