मामांच्या हाताचा जोड

"अगं बाई, कंबरेचं पार लाकूड झालं!" माझ्या पोटाखाली आडवी होऊन पत्र्याची जाडी मोजणारी इंजिनिअर पुटपुटली. मित्रांनो, तिच्या कंबरेला बोल लावू नका. मला बसवलंच आहे भिंतीला खेटून.

मी कापड रंगवण्याच्या कारखान्यातला एक जुना एक्स्चेंजर आहे. म्हणजे लोखंडी पिंप आणि पोटात नळ्यांची जुडी. नळ्यांतून पाणी जातं, त्यांच्याभोवती वाफ फिरते. वाफेची ऊब पाण्याला द्यायची, पण दोघांची गाठ पडू द्यायची नाही, एवढाच माझा संसार.

सपाट पत्रा गोल वळवून माझा लांब जोड मारला तो इथल्या वेल्डरने, या इंजिनिअरच्या सख्ख्या मामांनी. तो कधी पाझरला नाही. नवा कामगार आला की त्याला माझ्यापुढे उभं करत. "बघ, याला म्हणतात हात!" पुढे कौतुक आटलं आणि माझ्या पाठीवर ओली फडकी वाळू लागली. चालायचंच.

आता नव्या यंत्राला जास्त दाबाची वाफ हवी आहे. मी ती पेलेन का, हे भाचीने ठरवायचं. शेजारच्या टेबलावर बायका कापडाच्या घड्या घालतात. मी फाटलो, तर वाफ आधी त्यांच्या अंगावर जाईल.

नियमांचं पुस्तक सांगतं, जोडाचा एक्स-रे काढून तो निर्दोष दिसला, तर जोड पत्र्याइतका बळकट धरा. काढलाच नसेल, तर कमी धरा. माझा कधी काढला नाही. मामांच्या जोडाचा एक्स-रे? सासूला विचारायचं का, आमटीत मीठ घातलंत ना? म्हणून आजवर सगळ्यांनी तो पुरा बळकट धरला. आता पोटात नळ्या असताना एक्स-रे नीट निघायचा नाही, म्हणून भाचीने जोड कमी धरून पाहिला, तर हिशेबात नवा दाब बसेना.

मित्रांनो, जुन्या वस्तूला मान जरूर द्या, पण तिला तपासतही जा. दाबाला कोणाचा मान कळत नाही.

"पत्रा झिजला असेल, नाही का?" मॅनेजरनी आशेने विचारलं.

"पत्रा चांगला आहे, साहेब."

"मग अडतंय कुठे?"

शेजारी उभ्या मामांकडे न बघता भाची टेप गुंडाळत राहिली. गुंडाळून झाली, तरी गुंडाळत राहिली. घड्या घालणाऱ्या बायकाही खाली बघू लागल्या.

मामांनी चष्मा पुसला आणि माझ्या जोडावर तळवा ठेवला.

"कमीच धर, पोरी. वरून जोड माझा आहे. आत काय आहे, ते मीही कधी पाहिलेलं नाही."