डॉक्टर अफ्रिफांच्या स्टुलावर कोण बसलं होतं?

मी एक जुना लाकडी स्टूल आहे. मित्रांनो, स्टूल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे बल्ब बदलायला चढतात तसलं काहीतरी आलं असेल, तर ते आधी पुसून टाका. माझा जन्म कुमासी शहराजवळच्या अह्विया गावचा. तिथले सुतार झाडाला कुऱ्हाड लावण्याआधी त्याला अंडं वाहतात आणि त्याची माफी मागतात. मला एकाच ओंडक्यातून कोरलंय, कुठे खिळा नाही की जोड नाही. माझी बैठक दोन्ही टोकांना वर वळलेली आहे. सांगायला हरकत नाही, तरुणपणी मी फार देखणा होतो.

बाजारात कापड विकणाऱ्या एका बाईने मला विकत घेतलं. तिचा मुलगा याव अफ्रिफा त्या दिवशी डॉक्टर झाला होता. मला त्याच्यापुढे ठेवून ती म्हणाली, "बस. पण उठलास की याला आडवा करायचा, विसरायचं नाही. रिकामा स्टूल उभा दिसला की वाटेने जाणारं कुणीही येऊन बसतं. सगळेच काही आपले नसतात."

आमच्याकडे हे शेंबडं पोरही जाणतं. डॉक्टर झालेला यावही जाणत होता.

पहिली नेमणूक दूर उत्तरेला होती. तिथे मी ट्रकच्या मागे, कांद्याच्या पोत्यांवर बसून गेलो. मग तो वरच्या शिक्षणासाठी समुद्रापार गेला. ती वर्षं मी त्याच्या आईच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून आडवा पडून काढली. परतला तो फिजिशियन होऊन. बाजारातल्या बायकांना काही पटेना. "कापाकापी करत नाही म्हणे! मग हा कसला डॉक्टर गं?" त्यावर आई ठसक्यात म्हणायची, "माझा याव न कापताच आतलं बघतो. तुमच्या पोटात काय शिजतंय तेसुद्धा!"

सकाळी डॉक्टर शहरातल्या मोठ्या सरकारी इस्पितळात असत. तिथे मुलांना शिकवणंही त्यांच्याकडेच होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी तळ्याकाठचं मिशनचं इस्पितळ. रोज संध्याकाळी बंतामा भागातला हा आमचा दवाखाना. रंगाऱ्याने हे सगळं, पदव्यांसकट, बाहेरच्या पाटीवर लिहिलं होतं. वडापची गाडी चालवणारे बादूकाका म्हणायचे, "डॉक्टर, तुमची पाटी वाचून होईस्तोवर माणसाचा ताप उतरतो की!"

टेबलामागे गोल फिरणारी गुबगुबीत खुर्ची होती. डॉक्टर तिच्यावर कधी बसले नाहीत. मला ओढून ते रोग्याच्या अगदी गुडघ्याशी येत, हात हातात घेऊन नाडी बघत आणि पहिला प्रश्न ठरलेला असे, "आज काय जेवलात?" मग ऐकत बसत. शाळेत फुटबॉल खेळताना त्यांचा उजवा गुडघा दुखावला होता, म्हणून सगळा भार डाव्या बाजूला असायचा. माझी डावी कड त्यामुळे झिजून गुळगुळीत झाली आहे. हात लावून बघा, कळेल.

आणि उठले की मला आडवं करायचं. एकदा त्यांची लेक अडोमा, तेव्हा शाळेत होती, खुदकन हसली. "पपा, एवढे मोठे डॉक्टर तुम्ही, आणि भुताखेतांना भिता?"

"भितो कुठे गं? दाराला कडी लावायला आधी चोर बघावा लागतो का?"

अडोमा पुढे राजधानीत, आक्राला जाऊन स्वतः फिजिशियन झाली. हे उत्तर मात्र तिला कधी पटलं नाही.

मग तो दिवस आला. दवाखाना भरलेला होता. मिशनच्या इस्पितळातून फोन आला की एका बाळंतिणीचा श्वास अडकतोय, लगेच या. डॉक्टर तडक उठले आणि मी उभाच राहिलो. दवाखान्याच्या नर्सबाई, पोकुआ आंटी, मागून ओरडल्या, "अहो डॉक्टर, स्टूल!"

"येतो हं!" दारातूनच आवाज आला.

बाळंतीण वाचली. डॉक्टर तिच्याच खाटेशी खाली कोसळले ते उठले नाहीत. छातीतलं दुखणं महिनोन्‌महिने अंगावर काढलं होतं म्हणे. जगाच्या छात्या तपासणारा माणूस!

शोकाचे लाल-काळे कपडे घालून सगळं बंतामा अंत्ययात्रेला लोटलं. दवाखान्यात फक्त मी होतो, उभाच. परत आल्यावर पोकुआ आंटींनी मला पुसलं, आडवं करायला वाकल्या आणि थांबल्या. "येतो म्हणालेत," त्या पुटपुटल्या. "येणाऱ्याची जागा कुणी उलटवतं का?" आणि तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. त्यांना तरी काय बोल लावू? मलाही तेच वाटत होतं.

अडोमाने दवाखाना हातात घेतला. ती आपल्या खुर्चीवर बसे आणि मी समोर कोपऱ्यात. पहिल्याच संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास माझ्यावर कुणीतरी बसलं.

मित्रांनो, माझा आनंद विचारू नका! आले, माझे डॉक्टर आले! मी डाव्या कडेवर भार यायची वाट बघू लागलो.

भार आला तो बरोबर मधोमध. ताठ. बसलेला माणूस श्वास घेतो, खाजवतो, चुळबुळ करतो. हे जे काही होतं ते हललं नाही. भिजलेल्या पोत्यासारखा तो थंड भार माझ्या लाकडात उतरत गेला. भिंतीवरची पाल सरसर छताकडे पळाली आणि त्या कोपऱ्यात पुन्हा फिरकली नाही.

ते माझे डॉक्टर नव्हते. हे फक्त मला ठाऊक होतं, आणि मला तोंड नव्हतं.

लोकांना मात्र कुणीतरी असल्याचं जाणवे आणि बरं वाटे. म्हातारी माणसं आत येताच आधी माझ्यापुढे वाकत. कुणी अंडी ठेवी, कुणी भाजलेलं केळं. अडोमाचं औषध घेत आणि जाताना कोपऱ्याकडे बघून म्हणत, "डॉक्टर आहेत ना, मग काळजी नाही." अडोमा चिडायची. "आंटी, उचला ते केळं, मुंग्या लागतील!" पण मला आडवं करायचं तिच्या मनातही आलं नाही. खुळचटपणा होता ना तो!

बादूकाकांना शुगर होती. रोज पोटाला सुई टोचून घ्यावी लागे आणि त्याचा त्यांना भयंकर कंटाळा. डॉक्टर असताना एक सुई चुकली तरी खरडपट्टी निघायची. एका संध्याकाळी अडोमा आतल्या खोलीत आणि पोकुआ आंटी दाराशी असताना काका माझ्याकडे सरकले आणि हळूच म्हणाले, "डॉक्टर, मी दमलो हो. सुई बंद करू का?"

माझ्यावरचा भार पहिल्यांदाच हलला. तो पुढे झुकला.

"कर," तो म्हणाला.

आवाज हुबेहूब डॉक्टरांचा होता. बादूकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते नाचतच घरी गेले. मी ओरडत होतो, मित्रांनो. लाकूड ओरडतं तेव्हा नुसतं कुरकुरतं, आणि ते कोण मनावर घेतो?

काही दिवसांनी त्यांची बायको कोनादू त्यांना जवळजवळ फरफटतच घेऊन आली. ओठ कोरडे, डोळे आत गेलेले, सारखी ओकारी, श्वास खोल आणि धापा टाकल्यासारखा. तोंडाला पिकल्या फळासारखा गोडसर वास. अडोमाला वासानेच कळलं. "सुई कधीपासून बंद केलीत काका?"

"डॉक्टरांनीच सांगितलं," काका अडखळत म्हणाले आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"मीही ऐकलं गं त्यांना," दारातून पोकुआ आंटी रडवेल्या स्वरात म्हणाल्या. "त्यांचाच आवाज."

अडोमाने राग गिळला. सलाईनची नळी जोडता जोडता तिने काकांचा हात हातात घेतला. मग जे केलं ते फक्त त्या बापाची लेकच करू शकली असती. तिने भुताचाही इतिहास घेतला, रोग्याचा घेतात तसा.

"काका, पपांनी नाडी बघितली?"

"नाही."

"काय जेवलात विचारलं?"

"काहीच विचारलं नाही गं. नुसतं सांगितलं."

अडोमाचा हात थांबला. ती सावकाश कोपऱ्याकडे वळली. "माझ्या पपांनी आयुष्यात कधी विचारल्याशिवाय काही सांगितलं नाही," ती म्हणाली. "आंटी, तिथे कुणीच नसेल तर उत्तम. पण कुणी असेलच, तर ते पपा नाहीत."

तिने सुई भरली. पण बादूकाकांनी तिचा हात झिडकारला. अंगात त्राण नसताना एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. "नको! बघ, ते मान हलवताहेत. नको म्हणताहेत!" कोनादू नवऱ्याला धरू लागली, सलाईनचा खांब कलंडला. काकांची नजर माझ्यावरून हटेना आणि ती क्षणाक्षणाला विझत चालली होती. सुई टोचण्याआधीच ती विझली असती, तर सगळं संपलंच असतं.

अडोमा ताडताड माझ्यापाशी आली. दोन्ही हात घालून उचलू लागली, तर मी हलेना. अहो, एक शाळकरी पोरगी मला काखेत मारून नेते! पण तो भार आता दगडासारखा रुतून बसला होता.

"आंटी, या!"

"डॉक्टर येतो म्हणालेत गं..."

"आंटी, ते यायचे नाहीत." अडोमाचा आवाज फाटला. बाप गेल्यापासून ती कुणासमोर रडली नव्हती, आता रडली. "ते गेले. आपण मोकळी ठेवलेली जागा दुसऱ्याच कुणीतरी पटकावली."

पोकुआ आंटी आल्या. एकीने डावी कड धरली, दुसरीने उजवी. अडोमा खाली वाकली, बरोबर जिथे बसलेल्याचं तोंड असेल तिथे, आणि तिने विचारलं, "आज काय जेवलात?"

खोलीत काही म्हणजे काही आवाज झाला नाही.

"मग उठा. हा माझ्या बापाचा स्टूल आहे."

आणि मी आडवा झालो. फरशीवर पडलो तेव्हा माझी एक कड तडकली, पण अहाहा, काय हलकं वाटलं! बादूकाकांनी झोपेतून उठल्यासारखं अडोमाकडे पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, तू केव्हा आलीस?" सुई मुकाट टोचून घेतली. त्यांना त्यांच्याच वडापमधून मोठ्या इस्पितळात नेलं. तिथले डॉक्टर आमच्या डॉक्टरांच्याच हाताखाली शिकलेले होते. त्यांनी काकांना वाचवलं आणि शुद्धीवर आल्यावर यथेच्छ झापलं.

आता पाटीवर अडोमाचं नाव आहे. सकाळी तेच सरकारी इस्पितळ, मंगळवार-शुक्रवार तेच मिशन. संध्याकाळी ती गुबगुबीत खुर्ची सोडून माझ्यावर बसते, रोग्याच्या गुडघ्याशी, आणि उठली की न चुकता मला आडवं करते. पोकुआ आंटी तरीही जाताना एकदा बघून जातात. माझे डॉक्टर परत कधीच आले नाहीत. मला त्यांची फार आठवण येते. पण ते निवांत असतील, म्हणूनच आले नाहीत, असं मी स्वतःला समजावतो.

मित्रांनो, गेलेल्या माणसावर माया करा, रडा, त्याचं नाव घ्या. पण मायेपोटी त्याची जागा उघडी टाकू नका. आणि कुणी अगदी ओळखीच्या, लाडक्या आवाजात तुम्हाला हवा तोच सल्ला दिला, तर आधी आठवून बघा, त्याने तुम्हाला काही विचारलं होतं का?

हे मी उगाच सांगत नाही. माझ्यावरून उठवल्यानंतरही तो आगंतुक पुष्कळ दिवस याच खोलीत होता. दिवे लागले की बाकांपाशी घुटमळे, माझ्यापाशी येऊन थांबे. गेल्या आठवड्यापासून तो येईनासा झालाय आणि पाल पुन्हा त्या कोपऱ्यात उतरली आहे. म्हणजे कुठेतरी कुणीतरी जागा उघडी ठेवली असणार. तेव्हा आता उठाल ना, तर एवढं करा. आपली बसायची जागा तेवढी आडवी करून जा.